जुनी, खरखरती ध्वनिमुद्रणं चांगल्या सिस्टीमवर कशी ऐकावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी बऱ्यापैकी पैसे घालून सिस्टीम घेतली: दोन टॉवर स्पीकर, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, वर डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचा स्पीकरला चालेल असा आवाज करून देणारा डबा. आजची रेकॉर्डिंग त्यावर झकास वाजतात. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती वडिलांच्या संग्रहातली गाणी, म्हणजे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर आणि खाजगी मैफलींच्या कॅसेट, ऐकवत नाहीत. खरखर पुढे येते, गाणं मागे राहतं. हीच गाणी जुन्या लाकडी रेडिओग्रामवर (रेडिओ आणि तबकडी एकाच पेटीत) गोड लागायची. तर सिस्टीम बदलू का, की खरखर काढायचं सॉफ्टवेअर विकत घेऊ?

सिस्टीम बदलू नका. सॉफ्टवेअरचं शेवटी बोलतो. जुन्या तबकड्या आणि टेप डिजिटल करणं आणि लोकांच्या घरी सिस्टीम लावून देणं हेच माझं काम आहे, आणि ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. जवळजवळ प्रत्येक घरी कारण एकच निघतं. सिस्टीम वाजवत असते त्यातला निम्मा भाग गाण्याचा नसतोच.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्याकडे पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं 1902 साली कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग यंत्रं घेऊन आला आणि तिथल्या नामांकित गायिका गौहरजान गायल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, त्या आवाजाच्या जोरावर पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर खाच पाडायची. अशा यंत्रात साधारण 200 हर्ट्झच्या (सेकंदाला 200 कंपनांच्या) खालचं आणि अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरत नसे. 1925 नंतर मायक्रोफोन आला, आपल्याकडेही काही वर्षांत पोहोचला, आणि वरची हद्द पाच-सहा हजारांपर्यंत गेली. तुमचे टॉवर स्पीकर 40 हर्ट्झपासून 20,000 पर्यंत वाजतात. म्हणजे 1930 च्या तबकडीवर सहा हजारांच्या वर जे काही वाजतंय ती लाखेची खरखर, आणि 80 च्या खाली जे वाजतंय ती मोटारीची घरघर आणि विजेचा हम. गाणं मधल्या पट्ट्यात आहे. रेडिओग्रामचा कागदी कोनाचा स्पीकर तेवढाच पट्टा वाजवायचा, वरचं-खालचं त्याला झेपायचंच नाही. म्हणून तो गोड लागायचा.

खरखर येते कुठून, तेही सांगतो. 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, तबकडी लाखेची असायची, पण नुसत्या लाखेची नाही. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, म्हणजे पोलादी सुई घासून खाचेच्या आकाराला बसावी. ती पूड हाच खरखरीचा उगम. तबकडी कोरी करकरीत असली तरी खरखर असणारच. तुमच्या वडिलांनी तबकड्या नीट ठेवल्या नाहीत असं मुळीच नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू. माझा क्रम ठरलेला आहे: आधी मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज), मग पट्टी (गाण्याचा षड्ज कुठल्या सुरावर आहे ते), मग वरचं-खालचं कापणं, आणि खरखरीला हात सगळ्यात शेवटी. लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात आणि म्हणून फसतात.

स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या 1958 च्या सुमारास. त्याआधीचं सगळं मोनो. मोनो तबकडीवर गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत असते ती फक्त घाण: धूळ, ओरखडे, झीज. स्टीरिओ पिकअप (सुई धरणारा भाग) दोन्ही हालचाली वाचतो. दोन चॅनेल एकत्र केले की उभी हालचाल एकमेकींना कापते आणि खरखर एका फटक्यात उतरते. गाण्याच्या केसालाही धक्का लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. नसेल तर संगणकावर किंवा फोनच्या प्लेअरमध्ये ती सोय असते. सत्तरच्या दशकात जुनी गाणी पुन्हा काढताना एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार आणि वर थोडा घुमारा घालून त्यांना खोटं स्टीरिओ केलं गेलं, त्या एलपींनाही हाच उपाय.

याहून एक पाऊल पुढे जा. मोनो गाणं एकाच स्पीकरवर ऐकून बघा. दोन स्पीकरमधून सारखाच आवाज आला की प्रत्येक कानाला तो दोनदा पोहोचतो, जवळच्या स्पीकरचा आधी आणि लांबच्याचा किंचित उशिरा. या दोन आवाजांच्या टकरीत 2000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. मोठ्या ध्वनिमुद्रणात तो खपून जातो. पण ज्या गाण्याकडे मुळात 200 ते 4000 एवढीच जागा आहे, त्यातला नेमका शब्द कळायचा भाग गेला तर काय उरलं? एक स्पीकर बंद करा, दुसरा समोर घ्या. केसरबाई समोर बसून गायला लागतात. माझ्या ओळखीच्या काही कानसेनांनी जुन्या गाण्यांसाठी म्हणून एक वेगळा, साधा, एकाच कोनाचा स्पीकर ठेवलाय आणि तो टॉवरच्या पंचमांशही किमतीचा नाही.

आता पट्टी. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते खरखरीपेक्षा चुकीची पट्टी गाण्याचं जास्त नुकसान करते. 78 हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरीच्या आगेमागेपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाने मुद्रित झाल्यात. वेग सहा टक्के चुकला की गाणं अर्धा स्वर सरकतं. म्हणजे 74 ला मुद्रित झालेली तबकडी 78 ला वाजवली तर काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी दोनला, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या वरच्या सुराला, जातं. नुसती पट्टी चढत नाही, लय वाढते, आवाज पातळ होतो, तान घाईची वाटते. ‘जुने लोक किती भरभर आणि नाकात गायचे’ असं जे सर्रास बोललं जातं, त्यात चुकीच्या वेगाचा वाटा मोठा आहे.

वेग ठरवायचा कसा? साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर काम सोपं. तिचे स्वर ठरलेले असतात. फोनवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर षड्ज जुळवून पाहा. तो दोन पट्ट्यांच्या अधेमधे लोंबकळत असेल तर वेग चुकलाय. मग जवळची वरची पट्टी की खालची? इथे गायकाचा आवाज ओळखीचा लागतो. त्याच गायकाची दोन-तीन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवा, ‘आ’कार ऐका, श्वास कुठे घेतलाय ते ऐका. खालच्या पट्टीत माणूस दमसासाबाहेर रेंगाळतोय असं वाटलं तर वरची घ्या. ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये वेग बदलता येतो. मात्र सूर आणि लय एकत्र बदलतात तेच साधन वापरायचं. नुसती पट्टी बदलणारं साधन आवाजाची मोडतोड करतं.

कॅसेटचं दुखणं वेगळं आहे. मैफलीत सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर नेलेला असायचा. सेल उतरत गेले की टेप हळू फिरायची. ती टेप आज नीट वेगाने वाजवली की सूर हळूहळू चढत जातो. विलंबिताच्या सुरुवातीला काळी एक आणि द्रुत संपेपर्यंत पांढरी दोन. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी अस्वस्थ करत राहतं. इथे वेग टप्प्याटप्प्याने उतरवत न्यावा लागतो. किचकट काम आहे, पण मैफल मोलाची असेल तर जरूर करा.

कॅसेटबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही एकच केलीत तरी माझं लिहिणं सार्थकी लागेल. डेकचं झाकण उघडलंत की हेडच्या बाजूला एक बारीक चौफुली स्क्रू दिसेल, बहुतेक वेळा खाली स्प्रिंग असलेला. त्याने हेडचा कोन बदलतो, त्याला अझिमथ म्हणतात. कॅसेट ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन यात केसाएवढा फरक असला तरी वरचे स्वर मरतात आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. दोन्ही चॅनेल मोनो करा, तंबोरे वाजत असतील अशी जागा लावा, आणि स्क्रू अगदी थोडा, पाव आट्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. एका जागी जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा गुंजणारा झंकार, एकदम उघडते. तंबोरे मागून पुढे येतात, व्यंजनं स्पष्ट होतात. तीच जागा. मोनो एवढ्यासाठी, की कोन चुकला असेल तर दोन चॅनेल मिळून वरचे स्वर आणखी मारतात, त्यामुळे बरोबर जागा चटकन सापडते. आधी स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि काम झालं की तिथे परत आणा, नाहीतर तुमच्या बाकीच्या कॅसेट बिघडल्यासारख्या वाटतील. ज्या कॅसेट लोक ‘मेल्या’ म्हणून टाकून देतात, त्यातल्या कितीतरी एवढ्यावर जिवंत होतात.

आता वरचं-खालचं कापणं. रेडिओवाल्या जुन्या मंडळींचा एक आडाखा आहे: खालची हद्द आणि वरची हद्द यांचा गुणाकार चार-पाच लाखांच्या आसपास ठेवा, आवाज तोललेला वाटतो. 20 गुणिले 20,000 म्हणजे चार लाख. गाणं जर 5000 लाच संपत असेल, तर खालून 80 ते 100 ला थांबा. लोक नेमकं उलट करतात. वरचं कमी आहे म्हणून बेस वाढवून ‘भरीवपणा’ आणायला जातात, मग डग्गा तर येत नाहीच, घरघर मात्र ढोलासारखी वाजते. बेस कापा. वर सहा हजारांपासून हळूहळू उतार द्या, एकदम भिंत बांधू नका, नाहीतर आवाज डब्यातला वाटतो. एवढ्याने तुमचा टॉवर स्पीकर रेडिओग्रामसारखा वागायला लागेल, फक्त मधला पट्टा त्या रेडिओग्रामपेक्षा कितीतरी स्वच्छ वाजवेल. चांगल्या सिस्टीमचा खरा उपयोग इथे आहे.

खर्ज कापला तर पुरुषी आवाज पोकळ होणार नाही का, असं मला नेहमी विचारतात. होत नाही. काळी एकच्या षड्जाची मूळ कंपनं सेकंदाला साधारण 139. कर्ण्याच्या काळात ती तबकडीवर जवळजवळ उतरतच नसत. तरी आपल्याला षड्ज षड्जच ऐकू येतो, कारण त्याचे वरचे स्वरांश, 278, 417, 556, हजर असतात आणि मूळ स्वर आपला मेंदू भरून काढतो. डग्ग्याचं मात्र असं होत नाही. जुन्या तबकड्यांवर बायाँ क्षीणच असतो, त्याची अपेक्षाच ठेवू नका. उंच पट्टीतला, बारीक, टोकदार आवाज या यंत्राला मानवायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची 1930 च्या दशकातली मुद्रणं आजही थेट पोहोचतात, त्याला त्यांची गायकी तर कारण आहेच, पण तो आवाज त्या अरुंद पट्ट्यात पूर्ण मावतो हेही आहे. त्यांची झिंझोटीतली ठुमरी एका स्पीकरवर, वर सांगितलेली काटछाट करून लावा. स्वर सोडताना ते तो कसा विरत नेतात, ते खरखरीच्या आतून स्पष्ट दिसतं.

तबकड्या तुम्ही स्वतःच वाजवणार असाल तर थोडी सावधगिरी. एलपीची सुई 78 ला लावू नका. एलपीच्या सुईचं टोक 18 ते 25 मायक्रोमीटरचं, 78 ला साधारण 75 चं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा उकरते. दुसरं म्हणजे, आजचे, तबकडीचा क्षीण आवाज वाढवणारे फोनो प्री-अ‍ॅम्प 1954 नंतर रूढ झालेल्या प्रमाणानुसार वरचे स्वर बरेच खाली आणतात. कर्ण्याच्या काळातल्या तबकडीला ते लागू नाही, म्हणून गाणं मंद वाटतं. अशा वेळी ट्रेबल थोडा चढवावा लागतो. आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं. झालं.

इंटरनेटवरून उतरवत असाल तर सगळ्यात ‘स्वच्छ’ प्रत शोधू नका. सगळ्यात कमी हात लागलेली शोधा. खरखर असलेली फाइल फार दाबून लहान केली की गडबड होते, कारण खरखर दाबायला सगळ्यात अवघड. फाइलची सगळी जागा ती खाते आणि गाण्याच्या वाट्याला बुडबुडे येतात. थोडी मोठी, खरखरीसकट असलेली प्रत घ्या, बाकीचं आपण घरी करू.

खोली आणि आवाज किती ठेवायचा, यावर फार लिहीत नाही. संगमरवरी फरशी आणि समोर काच असेल तर सतरंजी अंथरा, पडदे ओढा. मैफलीत गायक आठ-दहा फुटांवर असताना आवाज जेवढा येतो, तेवढाच ठेवा. त्याहून मोठा केलात तर खरखर मोठी होते, लहान केलात तर शब्द बुडतात. आणि पहिली पाच मिनिटं गाण्याचा निकाल लावू नका. एकसारखा चालणारा आवाज कान थोड्या वेळाने बाजूला ठेवतो, पंख्याचा ठेवतो तसाच. मात्र हे एकसारख्या आवाजाच्या बाबतीतच घडतं. म्हणूनच अर्धवट साफ केलेली प्रत जास्त त्रास देते. तिच्यात खरखर स्वरामागे येते-जाते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या आवाजाकडे कान सारखा वळत राहतो.

काही उणिवा यंत्राच्या नाहीत, मुद्रणाच्या परिस्थितीच्या आहेत, आणि त्या घालवायच्या नसतात. दहा इंची तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तासाभराचा राग तेवढ्यात सांगायचा, म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे गायकाला आधी ठरवावं लागे. केसरबाईंची भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. त्यांनी ध्वनिमुद्रणं फार थोडी दिली, आणि त्यातलं हे एक 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. ते ‘मोठ्या गाण्याचा तुकडा’ म्हणून ऐकू नका. त्यात स्थायी-अंतरा किती जागेत बसवलाय, तान कुठे घेतलीय, शेवट कसा आवरलाय, हे एका आखीव रचनेसारखं ऐका. गौहरजानच्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. सुरुवातीच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून ही घोषणा. लोक ती कापून टाकतात, ते मला अजिबात पटत नाही.

मैफलीच्या कॅसेटमध्ये माइक बहुधा तबल्याजवळ असतो, पेटी मोठी येते, गायक तंबोऱ्याकडे वळला की आवाज दूर जातो. 60 मिनिटांची कॅसेट असेल तर तिसाव्या मिनिटाला बाजू संपते, आणि ती नेमकी आलाप रंगात आला असताना संपते. तिथे दोन बाजू जोडताना मधली रिकामी जागा पूर्ण काढू नका, एक-दोन सेकंद ठेवा. गाण्याचा काही भाग गेलाय हे ऐकणाऱ्याला कळू द्या. दाद तर काढूच नका. ‘वाहवा’ कुठल्या जागेला आली, सगळ्या सभेची आली की पुढच्या रांगेतल्या दोघांचीच, त्यावरून त्या जागेचं वजन कळतं. गायकाने दाद आल्यावर तीच जागा पुन्हा फिरवली की पुढे गेला, हेही कळतं. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाचं गाणं आज कुठल्याच तबकडीवर ऐकायला मिळत नाही, त्यांच्याबद्दल फक्त वाचावं लागतं. त्यापुढे तबल्याजवळ ठेवलेला माइक ही मला तक्रार करण्याजोगी गोष्ट वाटत नाही.

राहिलं सॉफ्टवेअर. विकत घेऊ नका. सुटे कट-कट आवाज काढणं ठीक आहे, त्याने गाण्याला अपाय होत नाही. सततची खरखर मात्र चार ते सहा डेसिबलच्या पलीकडे उतरवू नका, आणि त्यासाठी फुकटचा प्रोग्रॅम पुरतो. त्याहून जास्त उतरवली की आधी तंबोरा जातो, मग ‘स’, ‘श’, ‘त’ जातात, मग स्वर विरतानाचं टोक जातं, आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. काम सुरू करण्यापूर्वी मूळ प्रत, काहीही न करता, वेगळ्या डिस्कवर ठेवा. खाजगी मैफली असतील तर प्रत्येक कॅसेटवर गाव, साल, साथीदार हे वडिलांना किंवा त्यांच्या मित्रांना विचारून आत्ताच लिहून घ्या. सॉफ्टवेअरचे पैसे वाचतील, त्यातून 78 ची सुई घ्या आणि कॅसेट डेकचे पट्टे बदलून हेड साफ करून घ्या. डेक दुरुस्तीहून आला की पहिली कॅसेट लावण्याआधी अझिमथच्या स्क्रूवर नवी खूण करायला विसरू नका, दुरुस्तीत तो हललेला असतो.